गणोजीबाबांच्या घोड्याचा पाचवा पाय

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. लिहायचा नव्हे, देव्हाऱ्यातला. आमच्याकडच्या मराठ्यांच्या घरांत देवांबरोबर एखाद्या वीर पूर्वजाचीही पूजा होते. त्याचे चित्र चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवतात आणि तो पत्रा खंडोबा-भवानीच्या शेजारी मांडतात. त्याला टाक म्हणायचे. माझ्यावर घोड्यावर बसलेला एक माणूस आहे. त्याच्या हातात तलवार आहे, डोक्याला पागोटे आहे आणि आपल्याला कुठे पाठवले आहे हे विचारायचे राहून गेले, असा त्याचा चेहरा आहे. धारच्या एका घरात या माणसाला गणोजीबाबा म्हणत. मी गणोजीबाबांना कधी पाहिले नाही. पण त्यांच्या वाटणीचे नमस्कार मात्र वर्षानुवर्षे मीच घेतले.

माझा जन्म धारच्या सराफ्यात झाला. गणोजीबाबांचा मूळचा टाक घासून घासून इतका झिजला होता की बाबांचे नाक आणि घोड्याचे तोंड दोन्ही गेले होते. घरातली मुले त्याला 'पोत्यावर बसलेला माणूस' म्हणत. पूर्वजाला असे म्हणवून घेणे बरे नव्हे म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी सोनाराला नवा टाक करायला सांगितले. सोनार म्हणाला, खास तुमच्या घराण्यासाठी वेगळा ठसा कोरतो. ठसा म्हणजे धातूचा ठोकळा. त्यात चित्र खोल कोरलेले असते. त्यावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकला की चित्र पत्र्यावर उठते. वेगळ्या ठशाचे वेगळे दाम सोनाराने घेतले. मग फळीवरचा नेहमीचा ठसा खाली काढून त्यावर मला ठोकले.

त्या ठशात एक खोट होती. कोरणाऱ्याने घोड्याचा पुढचा पाय आधी चुकीच्या जागी कोरला, मग बरोबर जागी कोरला आणि चुकलेला बुजवायचे विसरला. म्हणून माझ्या घोड्याला पाच पाय आहेत. सोनाराच्या मुलाने, उमाशंकरने, बापाला ते दाखवलेही होते. बाप म्हणाला, "दौड़ता घोड़ा का पग कुण गिणे?" धावत्या घोड्याचे पाय कोण मोजतो. त्याच ठशावरून माझे आणखी पुष्कळ भाऊ निघाले. कोणी उज्जैनला गेला, कोणी बदनावरला, कोणी देवासला. प्रत्येक घरात त्या स्वाराला वेगळे नाव मिळाले. घोडा तोच राहिला.

माझे यजमान जगदेवराव संस्थानच्या पागेवर अंमलदार होते. दिवसभर घोडे पाहणे हेच त्यांचे काम. एखाद्या घोडीच्या खुराला चीर गेली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. हेच जगदेवराव रोज सकाळी अंघोळ करून पाच पायांच्या घोड्यापुढे बसत आणि डोळे मिटून घेत. पूजा त्यांची थोरली विधवा बहीण करी. तिला सगळे अक्का म्हणत. संध्याकाळचा दिवा मात्र जगदेवरावांची मुलगी दुर्गा लावी.

दुर्गाचे लग्न देवासला ठरले. देवास हे तेव्हा मोठे गमतीचे गाव होते. फार पूर्वी दोन भावांनी तिथे राज्य वाटून घेतले, त्यामुळे एकाच गावात दोन राजे झाले, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. तिथल्या मल्हाररावांचा मुलगा बापू धारला येऊन दुर्गाला बघून गेला. आडनाव वेगळे होते, देवक वेगळे होते, पत्रिका जमत होती. मग बापू पागेतला घोडा विकत घ्यायचा म्हणून पुन्हा आला. नंतर घोडा नीट बघायचा राहिला म्हणून आला. पुढे जुन्या घोड्याबद्दल काही विचारायचे होते म्हणून आला. घोडा त्याने कधीच घेतला नाही. पागेतले घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दारसुद्धा त्याला बघून हसायला लागले, आणि ही माणसे सहसा फक्त घोड्यांनाच हसतात.

दुर्गा दिवा लावताना एकदा हळूच मला म्हणाली, "गणोजीबाबा, मी गेल्यावर इथं कंटाळाल ना?" मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ मागितले. मला काय वाटेल हे तिनेच एकटीने विचारले.

सुपारी फोडायचा दिवस आला. देवासची मंडळी येणार म्हणून दुर्गाने सकाळी मला चिंच आणि राख लावून घासले. माझ्यावरचे वर्षानुवर्षांचे हळदकुंकू निघाले. मी आरशासारखा झालो. तिने फार मनापासून घासले होते, आणि तिथेच घात झाला.

मल्हाररावांबरोबर त्यांचे चुलतभाऊ नारायणराव आले होते. त्यांना वंशावळी जुळवण्याचा नाद होता. माणूस भेटला की ते आधी त्याच्या पणजोबाची विचारपूस करीत. जिवंत माणसात त्यांचे फारसे मन रमत नसे. नमस्काराला म्हणून ते देव्हाऱ्यापाशी वाकले आणि तिथेच थांबले. खिशातून त्यांनी भिंग काढले.

"भिया, इकडे या जरा," ते भावाला, मल्हाररावांना म्हणाले. "या घोड्याचे पाय मोजा."

मल्हाररावांनी मोजले. "पाच."

"आणि आपल्या घरच्या?"

मल्हारराव जरा घुटमळले. "पाचच. पण तो आमच्या सुभानजीबाबांचा घोडा. लढाईत त्याला काहीतरी..."

"लढाईत पाय जातो. येत नाही."

जगदेवराव पुढे आले. पागेवरच्या माणसाला हे झोंबणारे होते. "माझ्या घरात पाच पायांचा घोडा? काहीतरीच. शेपूट असेल ती."

"शेपूट मागे आहे," नारायणराव म्हणाले.

जगदेवरावांनी पाय मोजले. मग दुसऱ्या बाजूने मोजले. तरी पाचच भरले.

नारायणरावांनी भिंग खिशात ठेवले आणि निकाल दिला. "आडनाव बदलतं. गाव बदलतं. माणसं देवकसुद्धा बदलतात. टाक कोणी बदलत नाही. झिजला तरी त्याच्यावरूनच नवा करतात. दोन घरी असा घोडा म्हणजे दोन्ही घरं एकाच बापाची. आपण भाऊबंद निघालो, जगदेवराव. बापू आणि दुर्गा बहीण-भाऊ लागतात."

सुपारी ताटात तशीच राहिली. आतल्या दारापाशी दुर्गा उभी होती. तिच्या नखांत अजून माझी राख होती.

आता तुम्ही म्हणाल, तू बोलला का नाहीस? अरे मित्रांनो, मी चांदीचा पत्रा आहे. माझ्यावर घोडा कोरला, जीभ कोरायचे कोणाला सुचले नाही.

शेवटी ठरले की उज्जैनला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वहीत बघायचे. तीर्थाला आलेल्या माणसाने आपले आईबाप, भावंडे सांगायची आणि उपाध्यायांनी लिहून ठेवायची, ही जुनी रीत. गणोजीबाबा उज्जैनला येऊन गेले होते. त्यांना भाऊ नसेल तर भाऊबंदकीही नाही, आणि लग्न उभे राहील. दुर्गाचे सगळे आयुष्य त्या एका ओळीवर येऊन ठेपले होते. मला पुरावा म्हणून बरोबर घेतले. बापूही आला.

उपाध्यायांनी वही काढली आणि वाचले, "गणोजी. पिता दत्ताजी. माता भवानीबाई. बहिणी दोन. भाऊ नाही."

बापूने श्वास सोडला. "झालं तर. भाऊ नाही."

"थांब," नारायणराव म्हणाले. "ज्याला भाऊच नव्हता, त्यानं 'भाऊ नाही' असं मुद्दाम लिहून कशाला ठेवलं? तुला शेपूट नाही. तू कुठं लिहून ठेवलंस?"

"आणि भाऊ आहे असं लिहिलं असतं तर?"

"तर मग वादच नव्हता."

बापूने वडिलांकडे पाहिले. मल्हारराव मान डोलवत होते. असा मुद्दा आजवर आपल्याला सुचला नाही याचे त्यांना वाईट वाटत होते.

"त्या दोन बहिणी कोण?" बापूने विचारले. "त्यांची नावं काय? कुठं दिल्या? त्यांच्या घराण्यांत कोणाला माहीत असेल."

उपाध्याय म्हणाले, "नावं नाहीत. बहिणी दोन, एवढंच आहे."

"बहिणींचं काय घेऊन बसलास?" नारायणराव म्हणाले. "त्या गेल्या दुसऱ्यांच्या घरी. आपण भाऊ शोधतोय."

आणि त्यांनी भाऊ शोधला. उज्जैनहून परतताना बैलगाडीतच सगळे जुळले. दत्ताजींचे दोन मुलगे, गणोजी आणि सुभानजी. दत्ताजींपाशी पाच पायांचा एक घोडा होता. बाप गेल्यावर दोन्ही भाऊ त्या घोड्यावरून भांडले. असा घोडा कोण सोडील? सुभानजी रागाने देवासला गेले, आणि गणोजींनी रागाने उपाध्यायांना सांगितले की मला भाऊ नाही. सगळे इतके नीट बसत होते की खरे काय ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

दुर्गाने अजून आशा सोडली नव्हती. ती वडिलांना म्हणाली, "तात्या, सोनाराला तरी विचारा. एकाच ठशावरून दोन टाक निघत असतील ना?"

जगदेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनाही हे लग्न हवे होते. ते मला घेऊन थेट सराफ्यात गेले. माझी तर खात्रीच होती. आता सुटलो. म्हातारा सोनार वारला होता आणि त्याच्या गादीवर उमाशंकर बसला होता. त्याने मला हातात घेतले आणि ओळखले. त्याच्या मागे फळीवर एक फडके पसरलेले होते. फडक्याखाली आमचे नवे जन्मलेले भाऊ होते, अजून गरम. एकाचा पाचवा पाय फडक्याबाहेर आला होता.

जगदेवरावांनी विचारले, "उमाशंकर, या ठशावरचा टाक दुसऱ्या कोणाला दिला होता का तुझ्या बापानं?"

उमाशंकरने मनात हिशेब केला. खास ठशाचे खास दाम बापाने घेतले होते. खरे बोलावे तर मालव्यातली निम्मी मराठा घरे उद्या दारात उभी राहतील. त्याने मागे हात नेऊन फडके सारखे केले.

"साब, म्हारा बापजी ने यो ठप्पो आपका घराना वास्तेज बणायो थो. दूसरा के कद्दी नी दियो. गंगामाई की सौगन."

"मग देवासला कसा गेला?"

"आपकोज कोई भाई-बंद ले गयो होयगो, साब." म्हणजे ठसा फक्त आमच्याच घराण्याचा, दुसऱ्याला कधी दिला नाही, आणि देवासला नेला असेल तो आमच्याच कोणा भाऊबंदाने.

जगदेवरावांनी घरी येऊन मला देव्हाऱ्यात ठेवले. दुर्गा दारातच उभी होती. ते म्हणाले, "एकाच घराण्याचा ठसा आहे, बाई." ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या आणि सगळ्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या.

मग उन्हाळाभर एक नवाच वाद चालला. दोन घरे एक झाली खरी, पण थोरली पाती कोणाची? मल्हारराव म्हणत सुभानजी थोरले. जगदेवराव म्हणत गणोजी थोरले. सांडणीस्वारासारखी पत्रे इकडून तिकडे जात. दत्ताजींच्या पोटी जो माणूस जन्मालाच आला नाही तो आधी जन्मला की नंतर, यावर दोन शहाणी माणसे हिरीरीने भांडत होती. पितृपक्षात सुभानजींना धारला पिंड मिळाला. देवासला मल्हाररावांची चुलती वारली तेव्हा धारच्या घराने दहा दिवस सुतक पाळले. त्याच दिवसांत दुर्गाला बघायला इंदूरचे एक स्थळ येणार होते. सुतक म्हणून त्यांना परत पाठवले, आणि ती माणसे पुन्हा आली नाहीत.

बापू एकदा आला. पूर्वी त्याला घोड्याचे निमित्त लागत असे. आता तो घरचाच होता. त्याला थेट माजघरात आणून बसवले, आणि अक्का त्या दोघांना तिथे सोडून खुशाल पापड वाळवायला अंगणात गेली. बहीण-भाऊ तर होते.

दुर्गाने पाणी आणून ठेवले. "घोडा बघायला आलात?"

"नाही. आता कारण लागत नाही."

"मग बसा."

तो बसला. बराच वेळ बसला. दोघांना बोलायला कोणाचीही आडकाठी नव्हती, आणि दोघेही काही बोलले नाहीत. जाताना त्याने दुर्गाला नमस्कार केला नाही आणि मलाही नाही. मला त्याचा राग आला नाही.

पुढे बापूचे लग्न बदनावरच्या कमल नावाच्या मुलीशी ठरले. नारायणरावांनी तिच्या घरचा टाक आधी भिंगाखाली घातलाच. पण तिथला टाक कधी कोणी घासला नव्हता. कुंकवाच्या पुटांखाली घोड्याला जेमतेम तीन पाय दिसत होते. नारायणराव म्हणाले, "तीनच आहेत. आपल्यातला नव्हे." तीन पायांच्या घोड्याबद्दल त्यांना काही वाटले नाही. त्यांचे भांडण फक्त पाचाशी होते.

लग्नात नवऱ्यामागे दिवा घेऊन बहीण उभी राहते, तिला करवली म्हणतात. बापूला सख्खी बहीण नव्हती. मल्हाररावांनी धारला निरोप पाठवला की आता आमच्या घरात बहीण सापडली आहे, तेव्हा करवली दुर्गाच. नाही म्हणायचे काही कारण कोणापाशी नव्हते. म्हणजे होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते. नारायणरावांचा हट्ट पडला की दोन्ही भावांचे टाकही लग्नाला हवेत, म्हणून अक्काने मला पूजेच्या डबीत घालून बदनावरला नेले.

मांडवाच्या कोपऱ्यात देवांचा पाट मांडला होता. अक्काने मला देवासच्या टाकाशेजारी ठेवले. त्याची आणि माझी नजरानजर झाली. तो माझ्याच ठशातला, माझ्याच आठवड्यातला. पण दोघांनाही बोलता येत नसल्याने आम्ही नुसते एकाच दिशेला दौडत राहिलो. पाटाच्या दुसऱ्या टोकाला नवरीच्या घरचे देव होते. घरात लग्न म्हणून तिथल्या बायकांनी ते आदल्या दिवशी लखलखीत घासले होते.

दुर्गा निरांजन लावायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "या घोड्यालाही पाच पाय आहेत."

अक्काने पाहिले. मी जवळच होतो, म्हणून सांगतो, अक्काने नीट पाहिले आणि तिला सगळे समजले. फक्त बदनावरचे नव्हे, धारचे, देवासचे, उज्जैनचे, सुपारीचे, सगळेच. 

"असतील," ती म्हणाली. "मालव्यात चारा चांगला आहे."

"अक्का, म्हणजे आपण कोणाचेच कोणी नव्हतो."

"हळू बोल. मुहूर्त जवळ आलाय."

"मी आत्ता सांगितलं तर?"

"सांग की. मग ते म्हणतील, हीसुद्धा बहीणच. नारायणराव तुझ्यासाठी चूक कबूल करायचे नाहीत. एक बहीण आणखी शोधतील. ती पोरगी बघ जरा."

कमल हळद लावून बसली होती. तिच्या मुंडावळ्या सारख्या नाकावर येत होत्या आणि ती त्या फुंकर मारून बाजूला करीत होती. कोणी बघत नाही असे वाटून ती जरा हसली.

दुर्गा तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने ताटातले झेंडूचे फूल उचलले आणि बदनावरच्या घोड्याच्या पाचव्या पायावर ठेवले. अक्का ते ठेवणारच होती. पण दुर्गाने ते काम तिच्यावर सोडले नाही.

नंतर ती दिवा घेऊन बापूच्या मागे जाऊन उभी राहिली. दिव्याची ज्योत हलत होती. बापूने मान न वळवता विचारले, "काय झालं?"

"काही नाही, दादा," दुर्गा म्हणाली. "पुढे बघा."

मंगलाष्टके सुरू झाली. ब्राह्मणाचा आवाज खणखणीत होता.

मित्रांनो, पुढचे फारसे सांगण्यासारखे नाही. दुर्गाला त्यानंतरही स्थळे आली. ती पाहुण्यांपुढे पोहे ठेवायची आणि आमच्या घोड्याला पाच पाय आहेत, आधी आपला मोजून या, असे शांतपणे सांगायची. पाहुणे पोहे संपवून जात. अक्का गेल्यावर माझी पूजा तिच्याकडे आली. तिने मला पुन्हा कधी चिंच लावली नाही. नुसते पाणी घालून पुसायची. बोलणेही तिने सोडले होते.

नारायणरावांनी शेवटी दोन्ही घराण्यांची मोठी वंशावळ काढली. झाडाचे चित्र, फांद्या, पाने, खाली दत्ताजी आणि भवानीबाई. चौकट करून ती माझ्या समोरच्या भिंतीवर टांगली आहे. मला दुसरीकडे बघता येत नाही, म्हणून मी रोज तीच बघतो. त्यात गणोजी आहेत. दत्ताजींच्या पोटी कधीही न जन्मलेल्या सुभानजींची फांदी तर फारच डेरेदार आहे. बापू आहे, त्याचे मुलगे आहेत. गणोजींच्या त्या दोन बहिणी नाहीत. आणि दुर्गा नाही. मुली झाडात काढत नाहीत, अशी रीत आहे म्हणतात.

आता माझी चांदी काळी पडली आहे. म्हाताऱ्या झालेल्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते, आम्हाला नीट जपा, उन्हात टाकू नका वगैरे. माझे तसे काही नाही. मला वितळवलेत तरी माझी तक्रार नाही. तुमच्या पूर्वजांना शोधा, आईबाप शोधा, भावंडे शोधा, हवे तर त्यांचे घोडेही शोधा. पण शोधून झाल्यावर जे माणूस घरात उभे आहे त्याला एकदा विचारा, बाई गं, तुझे काय म्हणणे आहे? आणि तुमच्या घरी असे झाड टांगलेले असेल, तर ते खाली काढा आणि तिचे नाव त्यात लिहा. तिचे म्हणजे पुरे नाव. नुसते 'बहिणी दोन' असे लिहू नका.